पलंगाखालचं पाणी

सुट्टीत गावी आले की आई शेजारणींना सांगते, "आमची पोरगी तिकडं लई नीट राहती." मी मान खाली घालून बसते. मॉरिशसला शिकायला गेल्यावर पहिल्या दहा दिवसांत मी काय दिवे लावले, ते तिला अजून सांगितलेलं नाही.

विमानतळावरून वसतिगृहाकडं निघाले तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस. म्हटलं, इतके तास विमानात बसवून परत आमच्याकडच्या तेलगावच्या उसातच उतरवलं का काय! मग वळणावर समुद्र दिसला. एवढं पाणी जन्मात बघितलं नव्हतं, आणि त्यातलं घोटभर पिता येत नाही म्हटल्यावर मला त्याचा रागच आला.

खोलीत मादागास्करची एक मुलगी होती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, शिष्यवृत्तीवर शिकणारी, मोजकं बोलणारी. आमचं बोलणं चालायचं मोडक्यातोडक्या इंग्रजीत. पहिल्याच संध्याकाळी तिला विचारलं, "इथं पाणी कितव्या दिवशी येतं?"

"नळ सोडला की येतं," ती म्हणाली.

हिला काय कळतंय, असं मी मनात म्हटलं. नळाचा भरवसा धरणाऱ्याला आमच्याकडं खुळ्यात काढतात.

त्यात आईचा फोन. जेवलीस का, हे नंतर. आधी, "पानी भरून ठिवलं का?"

"अगं, इथं चोवीस तास पाणी हाय."

"असंल! आन् गेलं म्हंजी? परक्या मुलखात घागर घिऊन कुनाच्या दारात उभी राहशील? कावून भरलं न्हाई अजून?"

आमच्या गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. आरोग्य केंद्राच्या आशाताई घरोघर सांगत फिरायच्या, डासांसाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करा. आई म्हणायची, "बाई, आमचे सातबी दिस कोरडेच असतेत, तुमी वल्या दिसाचं बघा."

तर मी पाणी भरलं. दोन बादल्या, पातेली, होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या. सगळं ओढण्यांनी झाकलं. रविवारी ती मादागास्करची मुलगी बाहेर गेलती, तेव्हा तिचा कपडे धुवायचा निळा टबही काठोकाठ भरला आणि तिच्याच पलंगाखाली सरकवला, कारण माझ्या पलंगाखाली बॅगा होत्या. तो झाकायला ओढणी उरली नव्हती. तिला सांगू म्हटलं आणि कॉलेजच्या गडबडीत साफ विसरले. ती कपडे खालच्या मशीनमध्ये धुवायची, म्हणून तिलाही टबाची आठवण झाली नाही.

दहाव्या दिवशी सकाळी वॉर्डनबाई आणि आरोग्य खात्याचा एक माणूस बॅटरी घेऊन आले. तो देश डेंग्यूला फार भितो. साठवलेल्या पाण्यात डासांची अळी सापडली तर वसतिगृह सोडावं लागेल, अशी पाटी खाली लावलेली होती. मी ती वाचलीही होती. मला वाटलं, कुंड्याबिंड्यांचं असेल.

त्या माणसानं टब बाहेर ओढला. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

"टब कुणाचा?" वॉर्डनबाईंनी विचारलं.

"माझा," ती म्हणाली. टब तिचाच होता.

बाईंनी तिचं नाव लिहून घेतलं. सोमवारी खोली सोडायची. तिची शिष्यवृत्ती वसतिगृहासकट होती. खोली गेली की शिक्षण गेलं, हे तिनंच मला सांगितलं होतं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. आणि मी, टँकरवर भांडायला गावात पहिली, माझी दातखीळ बसली.

दिवसभर वर्गात बसले, पण एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. डोळ्यांपुढं गावच्या चौकातला माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स. वर पुढाऱ्यांची आठ तोंडं, खाली कोपऱ्यात मी. दहा दिवसांत परत गेले तर त्याच चौकातून कोणत्या तोंडानं जायचं? खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मला त्या फ्लेक्सचीच काळजी जास्त होती. थू माझ्या जिनगानीवर!

संध्याकाळी खोलीत आले तर ती कपाटातले कपडे काढून घड्या घालत होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिचा हात धरला आणि ओढतच तिला वॉर्डनबाईंच्या ऑफिसात नेलं.

"टब तिचा, पाणी माझं," मी म्हटलं. "मी भरलं. तिला माहीतसुद्धा नव्हतं."

"पण नळाला पाणी असताना कशासाठी?"

मग आठ दिवसांचं, टँकरचं, सगळं सांगितलं. सांगताना रडूच आलं. बाईंनी वही पुढं ओढली. मग त्यांनी तिचं नाव खोडलं, तिथं माझं लिहिलं. "स्वतःहून सांगितलंस म्हणून ही शेवटची ताकीद. आता माझ्यासमोर सगळं पाणी ओतून टाक."

बाई आमच्याबरोबर खोलीत आल्या. टब ओतला. पण झाकलेली, स्वच्छ पाण्यानं भरलेली बादली उचलली आणि ती ओतवेना. आमच्याकडं घरातलं भरलेलं पाणी ओततात ते कुणी गेल्यावर. मी तशीच उभी राहिले. तेव्हा तिनं बादलीची दुसरी बाजू धरली, आणि आम्ही ती दोघींनी मिळून मोरीत ओतली.

"पाणी तूच भरलंस, हे मला सकाळीच कळलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तू बोलशील. दुपारपर्यंत वाट बघितली. मग बॅग भरायला घेतली."