आप्पांच्या हातावरची फुंकर

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी दौंडमधल्या एका छोट्या हॉस्पिटलात नर्स आहे. 'बाहेरचं झालंय' म्हणून आणलेल्या कितीतरी बायका इथे अंगात रक्त भरलं की ठणठणीत होऊन घरी जातात. तरीही...

गेल्या उन्हाळ्यात माझे सासरे, खुटबावचे आप्पा, आमच्याकडेच ॲडमिट झाले. उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम इतकं उतरलं की हृदयाचे ठोके चुकायला लागले. ते सलाईनमधून देणं भागच होतं, पण शिरेत जाताना ते भयंकर जळजळतं. आप्पांनी सुईच उपटली!

"डागणी दिल्यावानी भाजतंय! मेलो तर मरू दे."

डागणी काय असते ते त्यांना ठाऊक. लहानपणी पोट दुखायचं म्हणून पोटावर तापलेला विळा टेकवला होता; व्रण अजून आहे.

डॉक्टर म्हणाले, सलाईनमध्ये थोडं लिग्नोकेन घाला - दात काढताना भुलीला देतात तेच. दुसऱ्या हाताला सलाईन सुरू झाली. भर दुपार, लाइट गेलेली, पंखा बंद. आणि आप्पा चक्क शांत! नाडी बघायला मनगट धरलं, तर माझ्या बोटांवर गार वारा... थांबून थांबून. खिडकी तर लावलेली. म्हटलं, भास असेल.

बाटली संपल्यावर बघते तर लिग्नोकेन ट्रेमध्ये तसंच, सीलसुद्धा फोडलेलं नाही! ड्युटीवर सोबत असलेल्या नर्सला, सुनीताला विचारलं.

"अगं, तुझे सासरे म्हणून मला वाटलं तूच घातलंस."

आणि मी समजत होते, तिने घातलं.

"आप्पा, दुखलं नाही?"

"दुखत व्हतं की. पर आई फुंकर घालत व्हती ना. डागल्यावर घालायची, तशीच."

त्यांची आई ते शाळेत जायच्या आधीच गेली.

औषध दिलंय असं वाटलं तरी माणसाला बरं वाटतं, हे मी शिकलेय. पण माझ्या बोटांचं काय?

दुसऱ्या बाटलीच्या वेळी मी सील फोडायला गेले, तर आप्पांनी हात धरला. "पोरी, ते नगं घालू. हात बधिर झाला तर ती आलीया का न्हाई, मला कळायचं कसं?"

मला रडूच फुटलं. डॉक्टरांना विचारलं. सहन होत असेल तर राहू दे, म्हणाले. मग सलाईन सुरू करून आप्पांच्या हाताशेजारी माझा हात ठेवून बसले. थोड्या वेळाने गार लागलं... थांबून थांबून.

आप्पा आता रोज शेतात जातात. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. सुनीता म्हणते, पंख्याचा वारा असेल. दुसऱ्या बाटलीपर्यंत लाइट आली होती, हे खरं. पण आप्पांशेजारी बसण्याआधी पंखा मीच बंद केला होता.