आईच्या दहावीचा निकाल आणि मध्येच आलेली मावशी

आईने दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला तेव्हा मी चंद्रपूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. ती आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. सेविका व्हायचं तर दहावी पाहिजे, आणि आईची शाळा आठवीतच सुटलेली. बाबा म्हणाले, "भर तू. पोरगी शिकवन तुले." झालं! त्या वर्षी माझा एकेक रविवार बीजगणितात गेला. आई चुलीपुढे बसून, भात शिजेपर्यंत, सूत्रं म्हणायची. इंग्रजीचा पेपर देऊन आली तेव्हा भलतीच खूश होती. म्हणाली, "निबंधात गाय लिहून आली. विषय दुसराच होता, पण मले गायच येते."

निकाल दुपारी एक वाजता लागणार होता. तालुक्याच्या गावी, सावलीला, नेट कॅफेत जावं तर बस चारची, आणि चारपर्यंत कोण थांबणार? त्या वर्षी फोनवरही निकाल ऐकता येत होता. एक नंबर लावायचा, तिकडून रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज येतो, तो सांगेल ती बटणं दाबायची. आमच्याकडे बाबांचा बटणांचा फोन होता. घरात रेंज नव्हती. ती तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, यायची, तीही चामोर्शीकडे तोंड करून उभं राहिलं तरच. म्हणून जूनच्या उन्हात आम्ही तिघं पाळीवर चढलो. मी फोन धरला, आईने हॉल तिकीट धरलं, बाबांनी दोघींवर छत्री धरली.

दहा-बारा वेळा लाइन बिझी लागली. मग एकदम लागली. मी स्पीकर चालू केला.

"मराठीसाठी एक दाबा."

मी एक दाबलं. काहीच झालं नाही.

"मराठीसाठी एक दाबा."

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. आई फोनवर वाकली आणि म्हणाली, "मॅडम, दाबलं ना वो आम्ही! दोनदा दाबलं!"

मॅडमने तिसऱ्यांदा तेच सांगितलं आणि लाइन कापली. मी सेटिंग उघडून पाहिलं तर बटणांचे टोनच बंद. बाबा छत्रीखालून हळूच म्हणाले, "टिवटिव करते म्हणून मीच बंद केलं होतं." मी टोन चालू केले. आता इकडे एक दाबला की पलीकडे एक पोचणार होता. आईने दोन-चार बटणं दाबून पाहिली आणि हरखूनच गेली. "अवो, परतेकाचा आवाज येगळा हाये!" मग तिला सगळीच बटणं वाजवून पाहायची होती. मी फोन ओढून घेतला.

दुसऱ्यांदा लागला. मराठीसाठी एक, दहावीसाठी एक, आता बैठक क्रमांक. आई आकडे सांगत होती, मी दाबत होते. चौथ्या आकड्याला फोनमध्येच टुक टुक, टुक टुक व्हायला लागलं.

"काय झालं? बिघडला?" आई घाबरली.

बिघडला नव्हता. चामोर्शीहून मावशीचा फोन आत येऊ पाहत होता. ही कॉल वेटिंगची सोय मीच दिवाळीत चालू करून दिली होती, कारण बाबा पाळीवर असताना हॉस्टेलवरून केव्हाही लावला तरी त्यांचा फोन बिझी. मी हिरवं बटण दाबलं. मॅडम होल्डवर गेली, मावशी आली.

"जय भीम, बाई! का झालं निकालाचं?"

"अवो लागूनच राह्यला! ठेव तू!" आई ओरडली.

मावशीने ठेवला. आम्ही परत मॅडमकडे आलो तोवर ती म्हणत होती, "आपण कोणताही पर्याय निवडला नाही. धन्यवाद." आणि गेली. आई माझ्यावरच चिडली. "बोलता बोलता त्या मॅडमले ताटकळत ठेवलं तुनं. राग नाई येईन का तिले?" ती मॅडम नाही, मशीन आहे, हे मी सांगून पाहिलं. आईला ते पटलं नाही.

तिसऱ्यांदा सगळं सुरळीत झालं. सहाही आकडे गेले. मॅडमने थोडा श्वास घेतला असावा, असं मला वाटलं, आणि मग ती म्हणाली, "निकाल, अनुत्तीर्ण."

बाबांची छत्री एका बाजूला कलली. आईने हॉल तिकिटाची घडी केली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "ठीक हाये. पुढच्या सालाले बसू." तिचा आवाज इतका साधा होता की मलाच रडू यायला लागलं. रडू लपवायला मी फोनकडे पाहिलं. दाबलेले आकडे पडद्यावर अजून दिसत होते.

"आई! सहाच्या जागी नऊ दाबलं मी!"

आईने आधी माझ्या पाठीत धपाटा घातला. मग हसली. हसता हसता थांबली आणि म्हणाली, "मंग ते कोनाचं लेकरू नापास झालं वो?"

चौथ्या वेळी फोन तिने स्वतः घेतला. मी आकडा सांगायची, बाबा तोच आकडा मोठ्याने म्हणायचे, आणि आई तो आंगठ्याने असा दाबायची जसं काही पिठात भोक पाडते आहे. सहावा आकडा गेला. मॅडमने सुरुवात केली, "मराठी..." आणि टुक टुक, टुक टुक!

मावशीच! आईने घाबरून हिरवं बटण दाबलं. मावशी आली, मॅडम गेली. मी झडप घालून फोन घेतला, मेनू उघडला आणि जे पहिलं हाताला लागलं ते दाबलं. ते "कॉल जोडा" निघालं. आता मावशी आणि मॅडम दोघी एकाच लाइनीवर होत्या.

"इंग्रजी, छत्तीस," मॅडम म्हणाली.

"कोन बोलून राह्यलं? छत्तीस काय?" मावशी.

"चूप बस व!" आई.

"गणित, एक्केचाळीस."

"एवढेच? मॅडम, जरा पाहा ना बरोबर!" आई.

"विज्ञान, पस्तीस."

"वाचली!" हे बाबा.

सामाजिक शास्त्रांचे गुण कोणालाच ऐकू आले नाहीत, कारण सगळेच बोलत होते. मग मॅडमने सांगितलं, "निकाल, उत्तीर्ण."

"उत्तीर्ण म्हंजे पास का नापास?" मावशीने विचारलं.

"पास, पागल! पास!"

आईने अशी उडी मारली की छत्री बाबांच्या हातून सुटली आणि गडगडत तळ्यात गेली. काठाला डुंबणाऱ्या दोन म्हशी उठून पळाल्या. बाबा धोतर सावरत छत्रीच्या मागे पाण्यात उतरले आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून हसत सुटले. मावशी तेव्हा आठवडी बाजारात होती. तिने तिथेच ओरडून सांगितलं, "माही बहीण मॅट्रिक पास झाली वो!" आणि आमच्या स्पीकरवर मिरच्या विकणाऱ्या कोण्या अनोळखी भाऊचा आवाज आला, "पेढे नाई तर जिलेबी तरी द्या बाई!" आई त्या भाऊलाही हो म्हणाली.

मराठी, हिंदी आणि सामाजिक शास्त्रांत किती पडले ते गुणपत्रिका येईपर्यंत कळलं नाही. सेविकेची ऑर्डर मिळायला तर पुढे दीड वर्ष गेलं. पण त्या दुपारी आम्ही घरी आलो तेव्हा भात गार झाला होता, वरणावर साय धरली होती, आणि तिघांनीही ते पोटभर खाल्लं. आई मध्येच आपली आपण हसायची. एकदा घास तसाच हातात धरून तिने मला विचारलं, "अकरावीचा फॉर्म कुठी भेटते व?"