पालथं झोपवल्यावर

काचेपलीकडे बाबा स्कॅनच्या फळीवर उताणे झोपले होते. पडद्यावर त्यांचं फुप्फुस दिसत होतं. जुन्या टीबीनं पाडलेली पोकळी, आणि तिच्या तळाशी एक पांढरा गोळा.

"पालथं करून बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळा हलला तर बहुतेक बुरशी. चिकटून राहिला तर मात्र कॅन्सरची शंका."

लोणच्यावर बुरशीचा ठिपका दिसला तरी अख्खी बरणी ओतून देणारी मी. आज त्याच बुरशीसाठी देव पाण्यात घालून बसले होते. माणूस कधी काय मागेल!

"काका, श्वास रोखा," बाबा पालथे झाल्यावर बाई माइकवर म्हणाल्या.

पडद्यावर पोकळी उमटली. गोळा घरंगळून दुसऱ्या बाजूला गेला होता.

"बुरशी!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

आत बाबा अजून श्वास रोखूनच होते. त्यांना 'सोडा' म्हणायचं राहूनच गेलं होतं.