तिरफळांतला माल कोणी पळवला?

ही फजिती मीच सांगून टाकतो. दुसऱ्या कोणी छापण्यापेक्षा बरं! तीस वर्षं नाशिकमध्ये बातमीदारी केली, भलेभले घोटाळे चव्हाट्यावर आणले. पण त्या रविवारी बाजारात जो घोटाळा पकडला ना… ऐकाच.

लेकीचे सासू-सासरे मालवणचे. लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार होते. सकाळीच लेकीचा फोन. "बाबा, बांगड्याचं तिखलं करताय ना? मग त्यात तिरफळ हवंच. आणि प्लीज, माझं नाक कापू नका!"

तिरफळ म्हणजे मिरीसारखं काहीतरी रानातलं फळ, एवढंच मला ठाऊक. बाजारात पेठ तालुक्यातली एक मावशी ते विकायला बसली होती. हातात घेऊन बघतो तर काय? एकूण एक फळ फुटलेलं, आत ठणठणाट! आणि मावशीच्या मागे फडक्यावर काळ्याभोर, चकचकीत बियांचा ढीग!

माझ्यातला बातमीदार खडबडून जागा झाला.

"काय हो मावशी, टरफलं गिऱ्हाइकाला आणि माल तुमच्याकडे?"

"नाय वो साहेब, बिया टाकायच्याच असत्यात. समदा वास सालीला हाय."

टाकायच्या म्हणे! असली उत्तरं मी मंत्र्यांची ऐकून घेतली नाहीत! आवाज चढवला, फोटो काढले, ग्राहकांच्या हक्कांवर भाषण ठोकलं. उभी होती ती दोन गिऱ्हाइकंही सटकली. शेवटी मावशीनं कपाळाला हात लावला आणि सगळा ढीग माझ्या पिशवीत ओतला.

"न्या बाबा!"

मुद्देमाल जप्त!

घरी बिया मिक्सरमध्ये घातल्या. मिक्सर केकाटला, पण मी माघार घेतली नाही. पान वाढलं. व्याह्यांनी पहिला घास घेतला. कर्रर्र! विहीणबाईंनी घेतला. कर्रर्र! लेक माझ्याकडे बघेचना.

"व्याहीबुवा," ते अगदी अदबीनं म्हणाले, "बांगडे गोदावरीच्या वाळूत लोळवले होते का?"

मी छाती फुगवून बाजारातला पराक्रम सांगितला. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अहो, साल ठेवायची असते! त्या बिया आम्ही झाडून फेकतो!"

"बाबा," लेक म्हणाली, "आता पिठलं टाका. आणि बोलू नका."

पुढच्या रविवारी माफी मागायला गेलो. मावशीनं मला लांबूनच ओळखलं. मी तोंड उघडायच्या आत तिनं शेजारी विकायला बसलेल्या बायांना हाळी दिली,

"बायांनो, कचरा फेकू नका! न्यायला साहेब आलं!"