चांदीचे पाय

निवृत्त झाल्यापासून माझ्या घरी दूध येतं ते पडेगावच्या वच्छलाबाईंच्या गोठ्यातलं. बाई बोलायला फटकळ, मापाला मात्र सढळ. गायीचं नाव चांदी. तिच्याशी बोलताना बाईंचा आवाज मऊ होतो, आमच्याशी बोलताना नाही.

यंदाच्या पावसाळ्यात चांदी धार काढू देईना. सारखी पाय आपटायची, शेपूट झोडायची. एका सकाळी तिची लाथ बाईंच्या मनगटावर बसली, तेव्हा मुलगा कृष्णा चिडला.

“माय, येत्या ऐतवारी नेतो तिला बाजारात. लाथाडी झाली ती.”

“लहानपणी तू बी लई लाथा झाडायचा. तुला नेलं व्हतं का बाजारात?”

बोलल्या खऱ्या, पण मनातून त्या धास्तावल्या होत्या. गळ्यात काळा दोरा, दिवेलागणीला कडुनिंबाचा धूर, सगळं करून झालं होतं. शेवटी त्यांनी जनावरांच्या डॉक्टर सुलेखाताईंना बोलावलं.

ताई आल्या आणि थेट चांदीच्या पायांशी उकिडव्या बसल्या. गुडघ्यांखाली माश्या चिकटलेल्या. दिसायला घरमाशीसारख्याच, पण तोंडाला सुईसारखी सोंड.

“मावशी, ह्या रक्त पितात, अन् तेही दिवसा. तुमचा धूर होईपर्यंत ह्या पोट भरून भिंतीवर निवांत बसलेल्या असतात.”

“मंग येतात कुठून?”

ताई गव्हाणीमागे गेल्या. गायीच्या तोंडचं उष्टं उकिरड्यावर टाकायचं नाही, ही बाईंच्या सासूची शिस्त. म्हणून उरलेला कडबा बाई गव्हाणीमागे सारून ठेवत. गोमूत्रानं आणि पावसानं तो कुजला होता. ताईंनी दाताळ्यानं थर उलटला. खाली अळ्या वळवळत होत्या.

“अगं बया! म्या माझ्याच हातानं पोसल्या व्हय ह्या!”

“आता उपाशी मारा. हे सगळं उन्हात पातळ पसरा, वाळलं की अळ्या मरतात. शेण रोज उचला, मूत वाहून जायला उतार करा. पायांना औषध मी लावते.”

बाई घुटमळल्या. सासूचा शब्द मोडायचा कसा? मग त्यांनीच तोड काढली. “शेताला वाह्यलं म्हंजी टाकलं थोडंच!”

रविवारी कृष्णा बाजारात गेला नाही. आईचं मनगट सुजलेलं, म्हणून गोठ्यातला उतार तोच खणत होता. माश्या एकदम गेल्या नाहीत, हळूहळू कमी झाल्या. गणपती उठले तेव्हा चांदी रवंथ करत शांत उभी राहून धार देऊ लागली.

वसुबारसेला बाईंनी सुलेखाताईंना मुद्दाम बोलावलं, मलाही. कृष्णानं चांदीचे पाय धुतले. बाईंनी आधी गायीला कुंकू लावलं, मग ताईंना.

“माझ्या पाया पडू नका हं मावशी,” ताई म्हणाल्या.

“पडत नाय. लाथ मारशील!”

त्या दिवशी बाई दूध घालत नाहीत, सगळं वासराचं. घरी येऊन मी कोरा चहा केला. तो इतका गोड कधीच लागला नव्हता.