‘किंवा’च्या जागी ‘आणि’

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. शहर वाळूजच्या अंगानं पसरत चाललेलं आणि आमच्या नव्या वसाहतीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी. मी कोषागारात लिपिक होते. चारा छावण्यांचे, टँकरचे पैसे तेव्हा नुकतेच कॉम्प्युटरवरून थेट खात्यात जायला लागले होते. कुठल्याशा कार्यालयात कुणीतरी तिथल्या साहेबांचा पासवर्ड वापरून छावणीचे पैसे भलत्याच खात्यात वळवले, आणि सगळीकडची देणी थांबली. पैसे पुन्हा सोडण्याआधी यावर कायदाच करायचा, तोही चालू अधिवेशनात, असं सरकारनं ठरवलं. रोजचं काम माहीत असलेलं कुणीतरी जवळ हवं, म्हणून आमच्या साहेबांनी मला मुंबईला नेलं.

विधानसभेच्या दारातला गालिचा बघून मला चप्पल बाहेर काढावीशी वाटली. आम्ही अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसलो. एरवी विधेयक मांडलं की सदस्यांना ते वाचायला काही दिवस मिळतात. त्या दिवशी मंत्र्यांनी नियम बाजूला ठेवून लगेच विचार व्हावा, अशी विनंती केली.

एक विरोधी सदस्य ताडकन उठले. "अध्यक्ष महोदय, कागद आत्ता हातात पडलाय. वाचायचा कधी?"

"छावण्या पैशांवाचून अडल्यात," अध्यक्ष म्हणाले. "मी परवानगी देतो. बोलायला मात्र सगळ्यांना वेळ मिळेल."

माझ्याकडेही प्रत होती. चौथ्या कलमाशी मी थांबले. ‘लेखा अधिकारी किंवा कोषागार अधिकारी यांच्या मंजुरीनंतरच रक्कम सोडण्यात येईल.’ पुन्हा वाचलं.

"सर, इथं ‘किंवा’ आलंय. दोघांची मंजुरी हवी होती ना? असंच राहिलं तर परत एकट्यालाच पैसे सोडता येतील."

साहेबांनी चष्मा वर सरकवून ओळ वाचली. "चिठ्ठी लिहा. पटकन."

घाईत पहिला कागद चुकला, तो फाडून दुसऱ्यावर लिहिलं. शिपायानं चिठ्ठी मंत्र्यांपुढं ठेवली. ते बोलतच होते. बोलता बोलता त्यांनी ती वाचली, मान वर करून आमच्याकडं पाहिलं. मी नजर खाली घातली.

चौथं कलम पुकारल्यावर मंत्री म्हणाले, "अध्यक्ष महोदय, मला एक सुधारणा मांडायची आहे. ‘किंवा’ या शब्दाऐवजी ‘आणि’ हा शब्द घालावा."

"वाचायला वेळ द्या, असं मी म्हणतच होतो!" ते विरोधी सदस्य ओरडले. सभागृह हसलं. मग तेच शांतपणे म्हणाले, "सुधारणा बरोबर आहे. आमचा पाठिंबा आहे."

"अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं," अध्यक्ष म्हणाले.

दोन्ही बाजूंनी एकदम ‘होय’ उठला. शिक्का नाही, सही नाही. नुसता आवाज, आणि शब्द बदलला. संध्याकाळपर्यंत वरच्या सभागृहानंही विधेयक संमत केलं.

घरी आल्यावर वडलांना सगळं सांगितलं. त्यांची उमर कन्नडच्या घाटात मेंढरं राखण्यात गेलेली. खाटेवर बसून ते कान देऊन ऐकत होते.

"येवढ्या लोकांनी तुझं ऐकलं व्हय?"

"माझं नाही, बाबा. चिठ्ठीत काय लिहिलंय ते बघितलं."

"आन् त्यो भांडणारा? त्यानं बी व्हय म्हणलं?"

"हो. पाठिंबा त्यांनीच आधी दिला."

"लई मोठा मानूस," वडील म्हणाले.