गोटीरामने लावलेला नंबर

आमच्या सातपूरच्या कॉलनीत भिंती एका विटेच्या. शेजाऱ्याने कूस बदलली तरी कळतं, मग भांडण तर काय, आपल्याच घरात बसल्यासारखं. गोटीराम शेजारी राहायला आला त्याला थोडेच दिवस झाले होते. मी भाकरी थापत होते आणि पलीकडून तो ओरडला, "त्याचा नंबर आधी होता! सगळ्यांच्या देखत आधी होता!"

"मग तिथं जाऊन सांगा की. माझ्यावर कशाला वरडता?" ही त्याची बायको, सिंधुबाई.

"तू पण त्यांच्यातलीच!"

"हो, मीच दिला ना निकाल!"

मला वाटलं, नळावरचं प्रकरण दिसतंय. भांडण मोडायला रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून वाटी घेतली आणि साखर मागायला गेले. बघते तर सिंधुबाई तांदूळ निवडतेय आणि हा गडी कमरेवर हात ठेवून टीव्हीपुढे उभा. टीव्हीवर गाण्याची स्पर्धा. एका पोराला घरी पाठवलं होतं, ते डोळे पुसत होतं.

"मावशी, तुम्हीच सांगा," गोटीराम म्हणाला. "हे पोरगं सगळ्यात आधी उभं राहिलं, आधी गायलं. आन पहिला नंबर दिला कुणाला? जो शेवटी आला त्याला! आमच्या स्टँडवर असं केलं तर टायरातली हवा सोडतात."

"अरे, त्या दुसऱ्याचा आवाज बरा असेल."

"आवाजाचं काय घेऊन बसल्या! माझ्या जीपचा हॉर्न लय भारी हाय, म्हणून मी रंगनाथच्या आधी गाडी भरू का?"

मी वाटी पुढे केली. साखर घेऊन आले.

गोटीराम मूळचा सुरगाण्याकडचा, डोंगरातला. दिंडोरी नाक्यावरून सुरगाण्याला प्रवाशांची जीप चालवायचा; रंगनाथही त्याच स्टँडवरचा जीपवाला. तिथला कायदा एकच. ज्याची गाडी आधी लागली त्याची आधी भरणार. दुसऱ्याची गाडी नवी असो, तिला पंखा असो, गाणी असोत, तिने मागे थांबायचं. हा कायदा त्याने सगळ्या जगाला लावला होता. दवाखान्यात, रेशनला, लग्नातही. आमच्या कॉलनीतल्या एका लग्नात त्याने नवरदेवाला दुसऱ्या पंगतीला बसवलं, कारण तो फोटो काढत बसला आणि उशिरा आला.

त्याचा टीव्ही मोठा, म्हणून संध्याकाळी आम्ही सगळे तिथे. गाणं कमी आणि न्यायनिवाडा जास्त. वत्सलाबाईचं म्हणणं, जो रडेल तो जिंकणार. ती गाणाऱ्याकडे बघायचीच नाही, त्याच्या आईकडे बघायची. आई पदर डोळ्याला लावते की नाही, त्यावर ती निकाल सांगायची आणि तो पुष्कळदा खरा व्हायचा. कारखान्यात हिशेब लिहिणारा महेश म्हणायचा, "सगळं फिक्स असतं, आजी. हार आधी मागवतात, मग स्पर्धा घेतात." परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात ते बसून बसून पाय आखडतात म्हणून, असं माझं मत. ते कुणी मनावर घेतलं नाही.

गोटीरामची मुलगी रोशनी कोपऱ्यात बसून ऐकायची. ती कंपनीत पॅकिंगला जायची. आमच्या जयंतीच्या स्टेजवर एकदा ती गात असताना माईक बंद पडला, तर शेवटच्या ओळीतल्या कुणाला कळलंसुद्धा नाही, असा आवाज. टीव्हीवाले गाणारे निवडायला गंगापूर रोडच्या एका मंगल कार्यालयात येणार, असं कळलं तेव्हा ती बापाला म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी माझं स्पर्धेचं वय उलटतंय. मला एकदा जाऊ द्या. ओळखीपाळखीचं नसलेलं कुणीतरी बसून नीट ऐकेल. एवढंच पाहिजे मला."

"जाऊ," गोटीराम म्हणाला. "पण नंबर पहिला लावायचा. मग कुणाची बिशाद नाय."

पोरगी काय मागत होती आणि बाप काय देत होता! पण तेव्हा ते मलाही उमगलं नाही. मीही नवं लुगडं नेसून सिंधुबाईशेजारी जीपमध्ये बसले.

दिवस उगवायच्या आत आम्ही पोहोचलो. फाटक बंद. गोटीरामने जीपचं नाक फाटकाला टेकवून लावलं. मग हळूहळू माणसं आली आणि रांग पार रस्त्यावर गेली. फाटक उघडलं तेव्हा टेबलावरच्या मुलीने विचारलं, "गाव?"

"सुरगाणा," गोटीराम म्हणाला.

"गाव विचारलं, काका. सूर आणि गाणं आत गेल्यावर."

"गावच सुरगाणा हाय, ताई."

ती हसली आणि तिने नाशिक लिहिलं. मग रोशनीच्या छातीवर एक गोल कागद चिकटवला. त्यावर मोठा एक.

गोटीरामचा ऊर भरून आला. त्याने लगेच गावी थोरल्या भावाला, मंगळूला फोन लावला. "दादा, रोशनीचा पहिला नंबर लागला!" तिकडे डोंगरात रेंज एका वाक्यापुरतीच मिळते. ते वाक्य पोहोचलं आणि फोन कटला.

परीक्षकांचा पत्ता नव्हता. ऊन डोक्यावर आलं. सिंधुबाईने डबा सोडला. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाकडून हॉर्न, आणि हॉर्नच्या मागे संबळ! बघतो तर रंगनाथची जीप, तिच्यामागे आणखी जीपा, टपावरसुद्धा माणसं. पुढे मंगळू, डोक्याला फेटा, हातात हार. वणीत थांबून फ्लेक्ससुद्धा छापून आणला होता. 'पहिला नंबर आल्याबद्दल कु. रोशनीचे हार्दिक अभिनंदन.' खाली सगळ्या भाऊबंदांचे फोटो, रोशनीचा तेवढा राहिला होता.

कुणी काही बोलायच्या आत पोरीच्या गळ्यात हार पडला, कपाळाला गुलाल लागला आणि तोंडात पेढा गेला. अजून तिने एक सूरही लावला नव्हता.

रांगेने आधी फ्लेक्स वाचला. मग जी पेटली!

"परीक्षक यायचे आहेत अन् निकाल लागला?"

"फिक्स आहे, फिक्स!"

"मी म्हणत नव्हतो? हार आधीच येतो!" हा आवाज ओळखीचा वाटला म्हणून वळून बघितलं तर आमचा महेश! त्या उन्हात गळ्याला मफलर गुंडाळून, छातीवर नंबर लावून रांगेत उभा. मला बघून त्याने मफलर नाकापर्यंत ओढला.

"काय रे, सगळं फिक्स असतं ना?" मी विचारलं.

"बघायला आलोय, आजी," तो मफलरातून म्हणाला.

आयोजकांचा एक पोरगा धावत आला. कानात वायर, चेहरा पांढराफटक. "कुणी सांगितलं तुम्हाला नंबर आला म्हणून?"

"तुम्हीच दिला," मंगळू म्हणाला. "पोरीच्या अंगावर चिकटवलाय. वाचता येतं का?"

"अहो, तो रांगेचा नंबर!"

"मग आम्ही कशाचा म्हणतो?"

लोक फाटक हलवायला लागले. हिला बाहेर काढा म्हणाले. जन्मभर रांग मोडू न देणाऱ्या माणसाला लोक लबाड म्हणत होते आणि तो हातात पेढ्याचा पुडा धरून उभा होता. शेवटी त्या पोराने हात जोडले. "काका, एक तर घरी न्या, नाहीतर ही सगळ्यांच्या शेवटी गाईल. त्याशिवाय हे लोक ऐकणार नाहीत."

"पहिला नंबर शेवटी?" गोटीरामचा आवाज चढला. "आरं, कोणत्या स्टँडवर..."

"बाबा," रोशनी म्हणाली. गुलाल घामाने गालावर उतरला होता. "मला पहिलं नकोय. मला गायचंय."

गोटीरामने पुडा मंगळूच्या हातात दिला. मग त्याने स्वतःच्या हाताने तो कागद सोडवला, टेबलावरच्या मुलीच्या तळहातावर ठेवला, आणि जीप मागे घेत घेत रांगेच्या शेवटाला नेऊन लावली. फाटकातली मोकळी झालेली जागा रंगनाथने लगेच धरली. सवय.

परीक्षक आले, त्यांची गाडी आत सोडून रंगनाथने जीप पुन्हा फाटकातच लावली, आणि रांग भराभरा सरकायला लागली. आत गेलेला माणूस श्वास घेऊन परत यायचा. दोन ओळी झाल्या की "थँक्यू". महेश तर पहिल्या ओळीलाच आला बाहेर. "माईक खराब आहे," म्हणाला.

दिवे लागले तेव्हा रोशनीची पाळी आली. मागे कुणीच नव्हतं, अडवणारेही दमून बसले होते, म्हणून आम्ही सगळं खटलं आत शिरलो. परीक्षक उठले होते, पिशव्या खांद्याला. एकजण बाहेर जाऊन परत आला. त्यांची गाडी रंगनाथच्या जीपमागे अडकली होती, आणि रंगनाथ किल्ली खिशात घालून चहाला गेला होता.

"बरं, गा," बाई परीक्षक म्हणाल्या आणि बसल्या.

रोशनी गायली. पुरं गाणं गायली, कारण थांबवून जायचं कुठे? रंगनाथ आला नाही. "आणखी एक येतं का?" बाईंनी विचारलं आणि पिशवी खाली ठेवली. दुसरं झालं. तिसऱ्याला त्यांनी डोळे मिटले. घरी आल्यावर वत्सलाबाई म्हणाली, झोपल्या असतील. मी म्हणते, झोपलेला माणूस पायाने ठेका धरत नाही.

"कळवतो," ते म्हणाले. अजून कळवतायत.

बाहेर आल्यावर गोटीरामने खाली मान घालून भावाला सांगितलं, "दादा, तो नंबर रांगेतला होता. चूक झाली."

"रांगेतला तर रांगेतला," मंगळू म्हणाला. "पहिली आली ना? दुसरी तर नाय आली?"

फ्लेक्स गावात लागला तो लागलाच. तेव्हापासून डोंगरातली माणसं हळदीला, बारशाला 'पहिला नंबरवाली'ला बोलवायला लागली, आणि गोटीराम तिला न्यायला-आणायला.

पुढे त्याला कमी दिसायला लागलं. डॉक्टरांनी गाडी बंद सांगितली, जीप रंगनाथच्या मुलाने घ्यायची ठरली. ती द्यायच्या आधी सुरगाण्याकडची एक हळद राहिली होती. मीही गेले. दिवसाउजेडी, सावकाश नेलं त्याने. मांडवाशी रोशनीला उतरवलं, गरम पाण्याचा थर्मास तिच्या हातात दिला. मग जीप वळवून रस्त्याकडे तोंड करून लावली, सीट मागे पाडली आणि टोपी तोंडावर घेतली. आत रोशनीने गाणं उचललं तशा हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले. मला राहवेना. मी बाहेर येऊन काच वाजवली. "अरे, पोरगी गातेय. ऐक तरी."

"ऐकणारे हाय ना मावशी, आतमधी?" तो टोपीखालून म्हणाला, आणि लगेच घोरायला लागला.

गाणी संपली. रोशनी गालावर हळद घेऊन आली.

"झालं?"

"झालं, बाबा."

"बसा मग. मावशी, मागची कडी नीट लावा," म्हणाला आणि त्याने जीप सुरू केली.